भावजींच्या मागची साडेसाती

समोरच्या इमारतीवर पाटी चढत होती, तेव्हा मास्तरीणबाई खिडकीत मटार सोलत उभ्या होत्या. शिडीवर दोन माणसं होती आणि खाली त्यांचा धाकटा दीर कमरेवर हात ठेवून "डावीकडे घ्या, अजून जरा डावीकडे" असं ओरडत होता. पाटी सरळ झाली. पिवळ्याधमक पत्र्यावर लाल अक्षरं होती, 'धाकटे मास्तर ड्रायव्हिंग स्कूल'. आणि त्याखाली, जरा बारीक: 'स्थिर हात, निर्धास्त साथ'.

ती खालची ओळ वाचली आणि बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अहो, इकडे या जरा," त्यांनी आत हाक मारली. "तुमच्या भावाने तुमच्यावर कविता केलीय."

मास्तर आले नाहीत. आतल्या खोलीतून नुसता इंजिनाचा घरघर आवाज आला. ते विमान उडवत होते.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलेला माणूस. मुलाला शिकवलं, त्याच्या बापाला शिकवलं, आणि कंटाळून कधी आवाज चढवला नाही. बाई त्यांच्याच ड्रायव्हिंगच्या शाळेत बायकांना शिकवायच्या. धाकट्याला तर पहिला गिअर टाकायला बाईंनीच शिकवलं होतं. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि 'वहिनी, वहिनी' करत मागेमागे असायचा.

मग तो अपघात झाला. सकाळच्या वेळी दोघे भाऊ शाळेची गाडी घेऊन निघाले होते. तलावाजवळच्या वळणावर सायकलवरून येणारे एक घड्याळदुरुस्तीवाले आजोबा गाडीखाली येता येता वाचले, पण त्यांचा पाय मोडला. चौकशीत मास्तर म्हणाले, "गाडी मी चालवत होतो." त्यांचा शिकवण्याचा परवाना काढून घेतला गेला. शाळेचा परवाना त्यांच्याच नावावर असल्याने तीही बंद पडली.

जप्त गाडी सोडवून आणायला बाई गेल्या होत्या. दार उघडून आत बसायला गेल्या, तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली होती. मास्तर ताडमाड उंच. ते बसायचे तेव्हा सीट मागे सरकून सरकून मागच्या माणसाच्या मांडीवर यायची. आणि धाकटा मात्र घरात सगळ्यांत ठेंगणा. बाई तिथेच उन्हात थोडा वेळ बसून राहिल्या. मग सीट मागे ढकलली आणि गाडी घरी आणली.

"सीट कोणी पुढे घेतली होती?" त्यांनी त्याच दिवशी नवऱ्याला विचारलं.

"विषय नको," मास्तर म्हणाले.

पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. धाकट्याला भरधाव गाडी हाकल्याबद्दल आधीच एकदा ताकीद मिळालेली होती. पुन्हा नाव आलं असतं, तर त्याचा परवाना कायमचा गेला असता. नुकतंच लग्न झालेलं, पुढे सगळा संसार पडलेला. थोरल्याने दोष आपल्या डोक्यावर घेतला. बदल्यात धाकट्याने आपल्या परवान्यावर तीच शाळा, त्याच नावाने चालू ठेवायची, आणि प्रकरण निवलं की दादाने परत यायचं, असं ठरलं होतं. भावाभावांत ठरलं होतं, त्यामुळे साक्षीला देवसुद्धा नव्हता.

धाकट्याने शाळा काढली, पण स्वतःच्या नावाने, आणि तीही घरासमोर. शिकाऊ गिऱ्हाईक एकूण एक तिकडे वळवलं. कोणी मास्तरांची चौकशी केली, की तो आवाज खाली आणून म्हणायचा, "दादाचे हात थरथरतात हो आता. वयाला कोणाचा इलाज आहे?" हे बाईंना भाजीवालीने सांगितलं. मग शिंप्याने सांगितलं. पाटीवर आलं, तेव्हा सांगायला कोणी उरलंच नव्हतं.

बाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी शिकवायच्या दुसऱ्या एका शाळेत नोकरी धरली. सकाळी जायच्या, दुपारी यायच्या. आणि येता-जाता ती पाटी डोळ्यांत खुपायची.

मास्तर दिवसभर आतल्या खोलीत असायचे. तिथे त्यांचा जुना कॉम्प्युटर होता. धाकट्याच्या लग्नाआधी दोघा भावांनी सुटे भाग आणून जोडलेला, आणि नंतर एकेक भाग बदलत तरुण ठेवलेला. टेबलावर विमानाची दांडी, डावीकडे वेग कमीजास्त करायचा खटका, खाली पायाशी दोन पॅडल. खेळ लढाईचा होता. जुन्या काळची पंख्याची लढाऊ विमानं, पंखांत बंदुका, समोर शत्रू. पण मास्तर लढायचे नाहीत. धावपट्टीवरून अलगद उठायचे, डोंगरावरून दोन घिरट्या घालायचे आणि परत येऊन उतरायचे. लढाईचं विमान घेऊन तो माणूस फेरफटका मारायचा.

बाईंना त्या खेळाचं काही कौतुक नव्हतं. पण एक दिवस जिन्याखाली धाकटी जाऊ भेटली. ती पोरगी सरळ होती. दोन घरांत बोलणं नव्हतं, पण बाईंना पाहिलं की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे.

"ताई, रविवारी दुपारी आमच्याकडे त्या विमानांच्या खेळात नुसती लढाई असते," ती हसत म्हणाली. "हे आणि ह्यांची पलटण. सगळे आपापल्या घरून खेळतात, पण आरडाओरडा असा, की वाटावं छपरावर बाँब पडला. ह्यांचं नाव तिथे ससाणा. ससाण्याला अजून कोणी पाडलेलं नाही म्हणे!"

"हो का?" बाई म्हणाल्या. "मोठाच पक्षी आहे."

वर येऊन त्यांनी पर्स ठेवली, पदर खोचला आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे. विमान."

मास्तरांनी वळून पाहिलं. बायको आपल्याला सोबत करायला आली असं त्यांना वाटलं. बिचाऱ्यांचा चेहरा इतका उजळला, की बाईंना क्षणभर खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण त्या खुर्चीत बसल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विमान धावपट्टीच्या कडेच्या झाडात घातलं. उठता उठता ते डावीकडे ओढलं गेलं, तसे बाईंचे दोन्ही पाय सवयीने खाली दाबले गेले.

"हा ब्रेक नाही," मास्तर म्हणाले. "हे शेपटीचं सुकाणू. उजवा पाय दिलास की नाक उजवीकडे."

"मग वर गेल्यावर थांबवायचं कसं?"

"थांबवायचं नाही. थांबलीस की पडलीस."

"असली कसली गाडी!"

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले, ते बाईंनाही आठवेना. मग त्यांनी त्यांच्या खास शिकवायच्या आवाजात, घाई नाही, राग नाही, एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. "उंची म्हणजे माहेर. अडचणीत सापडलीस की तीच कामाला येते. वर असशील तर खाली झेपावून वेग मिळवता येतो. खाली असशील तर कोणाच्या तोंडाकडे बघणार?" किंवा, "तो जिथे आहे तिथे गोळी मारायची नाही. तो जिथे जाणार आहे तिथे मारायची." बाईंच्या हातावर हात ठेवून ते दांडी कशी हलकी धरायची ते दाखवायचे. तो हात दगडासारखा स्थिर होता. बाईंना तो हाताखाली जाणवायचा, आणि समोरची पिवळी पाटी आठवून त्यांची कानशिलं तापायची.

थंडीचे दिवस सरले. बाई कामावरून यायच्या, चहा टाकायच्या आणि खुर्चीत बसायच्या. त्यांना हे जमत गेलं, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका आधीच ओळखल्या होत्या. हा आता कचकन वळणार, ही आता घाबरून पाय सोडणार. आकाशातही माणसं तशीच चुकत होती. पण इथे चूक सुधारायची नव्हती. चूक झाली की बंदुकीचा घोडा दाबायचा.

मास्तर बाहेर गेले, की त्या इंटरनेटवरून खऱ्या माणसांशी लढायला जायच्या. तिथे नाव घ्यावं लागतं. बाईंनी घेतलं, 'साडेसाती'.

रविवारी दुपारी मास्तर घड्याळवाल्या आजोबांच्या पायाची विचारपूस करायला जात. तो त्यांचा नेम होता. बाई तेव्हाच ससाण्याच्या मागे लागल्या. आधी नुसत्या लांबून बघायच्या, उंच, उन्हाच्या बाजूला राहून. भावजी उडवायचे झकास, त्यात खोट नव्हती. पण एक खोड होती. समोरचं विमान पेटलं, की ते जमिनीवर आदळेपर्यंत भावजी बघत बसायचे. मान वळवून, विमान सरळ ठेवून, मिटक्या मारत. त्या वेळात मागे कोण आहे याची त्यांना शुद्ध नसायची.

बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि वरून झेपावल्या.

ससाण्याच्या पंखाचा तुकडा उडाला, धुराचा लोट आला आणि विमान गरगरत खाली गेलं. बाईंनी दांडी सोडली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, घरात कोणी नव्हतं. मग त्या एकट्याच, तोंडावर पदर दाबून, अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

मग ते चालूच राहिलं. प्रत्येक रविवारी ससाणा वर यायचा आणि प्रत्येक रविवारी कुठून तरी साडेसाती उतरायची. पलटणीतले बाकीचे सुटायचे, ससाणा सुटायचा नाही. कधी ढगातून, कधी डोंगराआडून, कधी तो उतरायला चाकं खाली सोडतोय तेव्हासुद्धा. हे शिष्टसंमत नव्हतं. बाईंना माहीत होतं. त्यांना फार बरं वाटायचं.

"ह्यांना जेवण जात नाही हो," जाऊ जिन्यात सांगायची. "कोणी तरी साडेसाती आहे म्हणे, ह्यांच्याच मुळावर उठलीय. परवा तर हेडफोन भिंतीवर फेकला."

"काय माणसं असतात एकेक," बाई म्हणायच्या आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं करून तोंड फिरवायच्या.

एका रविवारी आजोबा मुलीकडे गेलेले निघाले, म्हणून मास्तर अर्ध्या वाटेवरून परतले. दारात उभे राहून ते बघत होते हे बाईंना कळलंच नाही. पडद्यावर ससाणा पेटला आणि मागून आवाज आला.

"हा धाकटा आहे."

बाईंनी मान वळवली नाही. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"खुर्चीत बसले त्या दिवसापासून."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. "म्हणजे मी तुला माझ्या भावावर सोडायला शिकवलं?"

"शिकवलं तुम्ही. सोडलं मी स्वतःला."

"अगं, खेळ आहे हा."

"मग खेळात तरी हरू द्या त्याला! बाकी सगळीकडे तुम्हीच त्याला जिंकून दिलंत. ती पाटी वाचलीत? एकदा तरी खिडकीत येऊन वाचलीत?"

"वाचली," मास्तर म्हणाले. "पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना वाचली."

मास्तर उठले. "आजपासून मी काही शिकवणार नाही," ते म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. पेपर कालचा होता.

घरात अबोला झाला. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी खेळ सोडला नाही. राग हा असा पाहुणा असतो, की एकदा पाय पसरून बसला की घरधन्यालाच ओसरीवर झोपावं लागतं.

आठवडा गेला आणि धाकट्याचा जाहीर निरोप आला. सगळ्यांनी वाचावा असा त्याने तो खेळातच लिहिला होता. 'साडेसाती, चोरासारखी मागून येतेस. हिंमत असेल तर येत्या रविवारी समोरासमोर ये. तू एकटी, मी एकटा.' बाईंनी उत्तर टाकलं, 'येते'.

भावजींनी त्याचा सोहळाच केला. शाळेच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावला, शिकणाऱ्या मंडळींना चहाला बोलावलं. रविवारी दुपारी बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर समोर खुर्च्या भरलेल्या. जाऊ ट्रे घेऊन फिरत होती. मास्तर आज कुठेच गेले नव्हते. बाहेरच्या खोलीत बसून तेच पान वाचत होते.

दोन्ही विमानं समोरून आली, एकमेकांना घासून गेली आणि वळली. समोरासमोर भावजी खरंच चांगले होते. दोन वेळा गोळ्या कानावरून गेल्या. तिसऱ्या वळणाला मात्र भावजींचा वेग पडला, ते समोर आले, अगदी निशाण्यात आले, बाई घोडा दाबणार, इतक्यात वरच्या ढगातून दुसरंच एक विमान खाली आलं आणि त्याने बाईंच्या पाठीत गोळ्यांची सर ओतली.

काचेवर तेल उडालं. डावा पंख फाटला. विमान डावीकडे उलटलं आणि भोवऱ्यासारखं गरगरत खाली निघालं. शेत, आकाश, शेत, आकाश.

"एकटा म्हणाला होता!" बाई ओरडल्या. "अहो, तो एकटा म्हणाला होता! दुसरा लपवून ठेवलाय मेल्याने!"

कानात भावजींचा आवाज घुमला. सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांनी माइक उघडा ठेवला होता. "पडली! बघा रे, पडली साडेसाती! अशी उतरवतात!" मागे ऑफिसातल्या टाळ्या ऐकू येत होत्या.

दारात मास्तर उभे होते. बाईंनी त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. लाल नाही, पांढरा.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले.

"काय?"

"इंजिन बंद. दांडी पुढे, ओढू नकोस. उजवा पाय, पूर्ण. दाबून धर." आवाज तोच, शिकवायचा, घाई नाही, राग नाही. "घाबरू नकोस. अजून उंची आहे. धर... धर... थांबलं बघ गरगरणं. पाय सरळ. आता हळूच ओढ. इंजिन दे."

झाडांचे शेंडे पोटाखालून सपकन गेले. विमान जमिनीला समांतर झालं, आणि खाली येताना मिळालेला सगळा वेग बाईंच्या हातात होता.

"तो कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"दुसरा निघून गेलाय. हा वर, सरळ उडतोय. बघत बसला असेल. लहानपणापासून सवय आहे." मास्तर खुर्चीमागे येऊन वाकले. "पोटाखालून जा. तिथून त्याला दिसत नाही."

बाईंनी नाक वर केलं. ससाणा त्यांच्या डोक्यावर मोठा मोठा होत गेला, आणि भावजी अजून टाळ्या घेत होते. बाईंनी अगदी जवळ जाईपर्यंत वाट पाहिली. मग घोडा दाबला आणि गोळ्या संपेपर्यंत सोडला नाही. ससाण्याचे दोन तुकडे झाले.

टाळ्या थांबल्या.

"कोण आहेस तू?" धाकटा किंचाळला. "कोण आहेस कोण?"

इतक्या महिन्यांत बाईंनी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"भावजी, मी वहिनी बोलतेय."

तिकडे कोणाचा तरी कप बशीवर आपटला.

"एकटा येतो म्हणालात आणि दुसऱ्याला पुढे केलंत. तुमची रीतच आहे ती. तलावाच्या वळणावर गाडी तुम्ही चालवत होतात. आजोबांचा पाय तुम्ही मोडलात. ह्यांनी तुमच्यासाठी ते अंगावर घेतलं, आणि तुम्ही ह्यांचे हात थरथरतात म्हणून पाटी लावलीत. तुम्हाला आता पाडलं ना, ते त्याच थरथरत्या हातांनी शिकवलेलं आहे. बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा."

बटण सोडून त्या खिडकीत गेल्या. समोरच्या ऑफिसातून माणसं बाहेर पडत होती. कोणी चप्पल नीट न घालताच, कोणी हातात चहाचा कप तसाच घेऊन. बाईंनी एकेकाला पायरी उतरताना पाहिलं. आपण याआधी इतकं सुख कशात भोगलं असेल, हे त्यांना आठवेना. सगळ्यांत शेवटी जाऊ आली. तिने शटर ओढून घेतलं, आणि ते खाली आल्यावर हात तसाच शटरवर ठेवून उभी राहिली. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं नाही. बाई थोड्या मागे सरकल्या.

दिवेलागणीला धाकटा आला. घंटा न वाजवता, पूर्वीसारखा, दार ढकलून.

"वहिनी, चार लोकांत माझी अब्रू घेतलीत! माझी बायको माझ्याशी बोलत नाही. दादा, तू तरी विचार वहिनीला, खोटं का बोलली म्हणून."

बाईंनी तोंड उघडलं, पण मास्तरांनी हात वर केला.

"गाडी तू चालवत होतास," ते म्हणाले.

"दादा..."

"तू चालवत होतास. मी खोटा जबाब दिला. तू भाऊ म्हणून दिला, आणि तू मला म्हातारा करून टाकलंस. उद्या मी परवान्याच्या ऑफिसात जाणार आहे. तू आधी गेलास तर तू सांगशील, नाही तर मी."

धाकटा खुर्चीत बसला. मग तो रडायला लागला. गयावया केली, पाय धरायला वाकला. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, आता आपल्याला दया येईल. आली नाही. त्यांनी मनात धुंडाळून पाहिलं, तरी सापडली नाही.

दया आली ती दुसऱ्या दिवशी, आणि भलत्याच कोणाची. सकाळी जाऊ दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"ताई, तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं?"

"हो."

"जिन्यात रोज भेटत होतो आपण. मी तुम्हाला ह्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होते. तुम्ही ऐकत होतात." तिने पदर मुठीत आवळला. "मला एकदा बाजूला घेऊन सांगता आलं नाही? वीस माणसांसमोर, हातात ट्रे असताना कळायला हवं होतं मला?"

नवऱ्याला पाडताना बायको त्याच विमानात बसलेली असते, याचा त्यांनी विचार केला नव्हता. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्यापुरतं चुकलं. त्याच्यापुरतं नाही."

जावेने डोळे पुसले. "त्यांच्यापुरतं मी बघते," ती म्हणाली. आणि तिनेच पाहिलं. त्याच दिवशी ती नवऱ्याला परवान्याच्या ऑफिसात घेऊन गेली, आणि जबाब लिहून होईपर्यंत त्याच्या शेजारी बसली.

धाकट्याचा परवाना गेला. खोटं बोलल्याबद्दल साहेबांनी मास्तरांनाही उभं करून झाडलं आणि पुन्हा परीक्षा द्यायला लावली. मास्तरांनी नवशिक्यासारखी रांगेत उभं राहून ती दिली. पिवळी पाटी उतरली. जुनी शाळा जुन्या जागी उघडली, तेव्हा बाईंनी दुसऱ्या टोकाची नोकरी सोडली. जाऊ हिशोबाला आणि फोनला बसायला लागली. बाईंशी ती कामापुरतं बोलायची. नंतर नंतर कामापेक्षा थोडं जास्त.

मास्तरांनी भावाला टाकलं नाही. तो त्यांचा स्वभाव. एका संध्याकाळी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. बाईंनी सगळं नीट केलं, गरम गरम वाढलं, हातचं काही राखलं नाही. धाकटा खाली मान घालून जेवत होता. आता तो एका गोदामात मालाची चढउतार बघत होता, आणि अंगाने वाळला होता.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "आता तरी माफ केलंत का?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. जावेनेही पाहिलं. हो म्हणणं काही जड नव्हतं.

"भात घ्या," बाई म्हणाल्या.

त्याने भात घेतला. मग त्याने हळूच विचारलं, "रविवारी मी वर येणार आहे. तुम्ही येणार?"

"येणार."

"मला पाडाल?"

"पाडेन," बाई म्हणाल्या आणि त्याच्या भातावर वरण घातलं.

रविवारी तो आला. बाईंनी त्याला पाडलं.